ऑनलाइन प्रवास आरक्षणातील ग्राहक सुरक्षा

रेल्वे, विमान, बस किंवा निवासाचे आरक्षण महाजालावरून करताना पैसे व वैयक्तिक माहिती सुरक्षित राखण्यासाठी घ्यावयाची दक्षता, हा या लेखाचा विषय आहे.

फसवणुकीचे ठळक उदाहरण केदारनाथच्या हेलिकॉप्टर सेवेचे. २०२३ पासून तिचे आरक्षण आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ संकेतस्थळावर होते. तरीही तिच्या नावाने चालणारी बनावट संकेतस्थळे वारंवार आढळली आहेत. अशी स्थळे जाहिरातीच्या बळावर शोधयंत्रात अग्रस्थानी झळकू शकतात, म्हणून पहिला निकाल तो अधिकृत हा समज घातक ठरतो. पत्त्याजवळील कुलुपाचे चिन्ह जोडणी कूटबद्ध असल्याचे सांगते, मालकाच्या सचोटीची ग्वाही देत नाही.

परताव्याच्या नावाखालीही लूट होते. वास्तविक, तक्ता तयार झाल्यावर पूर्णतः प्रतीक्षायादीत राहिलेले रेल्वे ई-तिकीट आपोआप रद्द होऊन रक्कम मूळ खात्यात परत येते. त्यासाठी कोणाला दूरध्वनी करावा लागत नाही. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिनही लागत नाही.

फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब झाल्यास रक्कम अन्य खात्यांत वळवली जाते. सेवेतील त्रुटीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदारास स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते.