मुलाची गाडी आणि गटाचं कर्ज

बेलापूरच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय? विषय आहे जुनी स्पोर्ट्स मोटरसायकल. ती घ्यावी का, घेतली तर कशी बघून घ्यावी, आणि रोज कामावर जायला ती परवडते का.

हा विषय आमच्याकडे गटाच्या बैठकीतून आला. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, शाळेची फी, यासाठी गटातून कर्ज मागायची आपली सवय. त्या दिवशी एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "पोरगं राहुरीकडं कामाला लागलंय. एसटीची वेळ जुळत नाही. जुनी गाडी घ्यायची म्हणतोय. पंचेचाळीस हजार पाहिजेत." कसली गाडी, असं विचारलं तर ताईंना सांगता येईना. पदराआडून मोबाईल काढून त्यांनी फोटो दाखवला. पुढं काच, खाली वाकलेलं हँडल, मागची सीट उंच आणि वीतभर. एक आजी हळूच म्हणाल्या, "आणि तू बसणार कुठं?" सगळ्या हसल्या, ताई हसल्या नाहीत.

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, शौकाला कर्ज द्यायचं नाही. काही म्हणाल्या, पोरगं कमावतं आहे, त्याच्या मनासारखं एक तरी होऊ द्या. शेवटी ठरलं की नाही म्हणायच्या आधी गाडी बघून यायचं. आम्ही तिघी जणी, तो मुलगा आणि श्रीरामपूरचे एक ओळखीचे मिस्त्री असे गेलो. तेव्हापासून जे शिकलो ते आज सांगतोय.

ही गाडी स्वस्त का मिळते?

आपल्याकडे हे वेड जुनं आहे. १९९९ साली सीबीझेड आली, २००१ मध्ये पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर आली, २००३ मध्ये करिझ्मा, २००८ मध्ये यामाहाची आर-वन-फाइव्ह. त्या वेळी महाग वाटणाऱ्या या गाड्या आज तीस-चाळीस हजारांत समोर उभ्या राहतात. पोरांना वाटतं, लॉटरी लागली.

पण गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. पुढचं प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग, तुटलं तर बदलायला लागणारा पैसा साध्या गाडीच्या मडगार्डसारखा नसतो. जुन्या मॉडेलचा पार्ट कधी मिळतो, कधी पुण्याहून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी गॅरेजला आणि पोरगं घरी. शिवाय एकाच नावाच्या दोन गाड्या आतून वेगळ्या असतात. २००७ ची पल्सर २२० इंजेक्शनवर चालणारी होती, २००९ ला आलेली कार्बोरेटरवर. म्हणून नुसतं नाव विचारू नका, साल विचारा, आणि आपल्या भागात ते काम जाणणारा मिस्त्री आहे का ते आधी बघा.

आता पेट्रोलचा हिशोब. बैठकीत आम्ही तो फळ्यावर मांडला. रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३०० किलोमीटर. साधी शंभर सीसीची गाडी लिटरला ६० देते असं धरा, तर २२ लिटर लागतं. जुनी स्पोर्ट्स गाडी ३५ देते असं धरा, तर ३७ लिटर. फरक १५ लिटरचा. पेट्रोल शंभराच्या वर आहे, तेव्हा महिन्याला दीड हजार आणि वर्षाला अठरा हजार जास्तीचे. ताई फळ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे गटाचा हप्ता वेगळा आणि हा दुसरा हप्ता वेगळा." तेच सांगायचं होतं.

विम्यातही फरक आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये आहे, १५० च्या वर ३५० पर्यंत तो १३६६ रुपये आहे. वर जीएसटी वेगळा.

बघायला जाताना

गाडी सकाळी बघायला जा, आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाजवळ हात न्या. गरम असेल तर समजा, थंडीत उठत नाही म्हणून आधीच तापवून ठेवली आहे. आम्ही पाहिलेली पहिली गाडी अशीच गरम होती. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त आमच्याकडे बघितलं.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, मोठं काम निघणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुतेक वेळा दुरुस्त होतं. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते, तिचं काही नाही. पण पाण्यावर गार होणाऱ्या गाडीतून, जशी आर-वन-फाइव्ह, पांढरा धूर थांबतच नसेल तर नाद सोडा.

मग गाडी पडलेली आहे का ते बघा. रंग नवा मारता येतो, पण हँडलची टोकं, ब्रेकचा दांडा, फुटरेस्ट आणि सायलेन्सर यांवरचे ओरखडे खरं बोलतात. मागं दहा पावलांवर उभं राहून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. सरळ रस्त्यावर हळू चालवताना गाडी एका बाजूला ओढते का. पुढचे शॉकअप दाबून बघा, दांडीवर तेल आलं तर सील गेलेलं आहे.

चेनच्या चक्राचे दाते टोकदार झाले असतील तर पूर्ण सेट बदलावा लागतो. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी जुना रबर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, तो मागं फिरवता येतो. आकडा वीस हजार, आणि फुटरेस्टचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, असं असेल तर रबरावर विश्वास ठेवा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आपण उगाच म्हणत नाही.

आणि ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस लागतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ते नाही. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं रस्त्यावर चिखल आणि पाचट पडलेलं असतं, संध्याकाळी ट्रॉलीला मागं दिवाही नसतो. तिथं पुढचा डिस्क ब्रेक एकदम दाबला की गाडी खाली. मुलाला हे सांगायचं तर आपल्याला माहीत पाहिजे.

आता मागच्या सीटचं. मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे की मागं बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण पाहिजे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून ते पहिलं काढून टाकतात. मग आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात जाते. साडीगार्ड नसलेल्या गाडीवर बसायचंच नाही, हा नियम आम्ही आमच्या गटांत केला आहे.

कागद

खरी गोष्ट आता येते. पहिली गाडी आम्ही सोडली ती इंजिनासाठी नाही, कागदासाठी. आरसी बुकवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता. नाव तिसऱ्याच माणसाचं. विकणारा म्हणाला, "टीटी फॉर्मवर सह्या आहेत, काही अडचण येत नाही." मुलगा रागावला. "तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" असंही म्हणाला. आम्ही ऐकून घेतलं.

आम्हाला कळत होतं कारण आमच्यातल्याच एकीच्या घरी हे घडलेलं. मालकांनी जुनी गाडी स्टॅम्प पेपरवर विकली, पैसे घेतले, विषय संपला असं धरलं. नंतर कुठल्या कुठल्या गावच्या ई-चलानचे मेसेज त्यांच्या मोबाईलवर येत राहिले. गाडी कोण चालवतोय हे त्यांना माहीतही नव्हतं. दंडावर भागलं हे नशीब. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी विकलेली, पुढं आणखी दोन-तीन हातांत गेलेली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर. अपघात झाला तेव्हा न्यायालयाने नोंदीवरच्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं. म्हणजे घेताना आणि विकताना, दोन्ही वेळा नाव बदलणं आपल्याच फायद्याचं.

तर हे लिहून घ्या. पैसे देण्याआधी आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर बोट ठेवून जुळवा. नंबर घासलेला दिसला तर तिथून निघा. बोजा असेल तर फायनान्सचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विम्यावर नाव चढवायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. गाडी दुसऱ्या आरटीओची, म्हणजे समजा पुण्याची असेल, तर तिकडचं ना हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं. आपली एमएच १७ ची असेल तर श्रीरामपुरातच काम होतं. पंधरा वर्षं होत आलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, तोही खर्च आधीच किमतीतून कापून मागा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का आणि जुनं चलान बाकी आहे का, हे बघायला विसरू नका.

आणखी एक. कर्ज आईच्या नावावर म्हणून गाडीही आईच्या नावावर, असं करू नका. विम्यात मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं. ते ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्यासाठी. आईकडे लायसन नाही आणि गाडी चालवतो मुलगा, तर ते संरक्षण दोघांनाही उपयोगाचं नाही. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर गाडी देऊच नका. कायद्यानं आई-वडिलांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुढं काय झालं

तीन आठवड्यांनी मुलानं स्वतःच दुसरी गाडी शोधली. संगमनेरकडची, एकाच मालकाची पल्सर, १५० सीसी. आर-वन-फाइव्हइतकी देखणी नाही. इंजिन गार होतं, सर्व्हिसची पावती-पुस्तिका होती. या वेळी चासी नंबर त्यानंच वाचून दाखवला, आम्ही आरसी धरून उभ्या होतो.

गटानं पस्तीस हजार दिले, अटी घालून. नाव बदलल्याची पावती गटात दाखवायची. दोन हेल्मेट घ्यायची, एक मागच्याला. साडीगार्ड बसवायचं. आणि पगारातून महिन्याला पाचशे रुपये गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवायचे, कारण जुनी गाडी खर्च सांगून काढत नाही. हप्ता आईनं नाही, मुलानं भरायचा. पहिला हप्ता द्यायला तो स्वतः बैठकीला आला, दारातच उभा राहिला, आत यायला लाजत होता. त्या आजींनी विचारलं, "मग, आई बसते का रे मागं?" तो म्हणाला, "बसते. पण हळू चालव, हळू चालव, करते."

मैत्रिणींनो, पोरांची हौस मोडू नका. पण हौसेचा हिशोब फळ्यावर मांडा, कागद स्वतः वाचा, आणि समजलं नाही तर विचारायला लाजू नका. बैठकीला प्रश्न घेऊन या.