तीन दिवस, पाच दिवस की एकच डोस?

शुक्रवारची रात्र. ऑफिसमधून थेट पुण्याचा बसस्टँड, तिथून बीड, आणि मग लिंबागणेशला आपलं घर! वाटेतली टॉयलेट्स नकोत म्हणून पाणीच प्यायलं नाही. रविवारी लघवीला जळजळ सुरू. आई म्हणते, ‘मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या आहेत की, त्याच घे.’

थांबा मैत्रिणींनो! युरिन इन्फेक्शनचा कोर्स किती दिवसांचा, हे औषधावर ठरतं. गरोदर नसलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या बाईला फक्त मूत्राशयाचं इन्फेक्शन असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अँटिबायोटिक पुस्तकात नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस आणि कोट्रायमॉक्सॅझोल ३ दिवस सांगितलंय. फॉस्फोमायसिनचा तर ३ ग्रॅमचा एकच डोस. ‘दहा दिवस घेतलं की पक्कं बरं’ हा गैरसमज आहे. जादा गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात आणि औषधाला दाद न देणारे माजतात. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून स्वतःच कोर्स तोडणं? तेही नको.

थंडी-ताप, पाठीत कळ, उलट्या असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर मामला साधा नाही. लगेच डॉक्टर गाठा. औषध आणि दिवस दोन्ही बदलतात. पुरुषांनाही हा हिशोब लागू नाही.

म्हणून चिठ्ठी घेताना एवढंच विचारा, ‘डॉक्टर, नेमकं किती दिवस?’ आणि परतीच्या बसमध्ये पाण्याची बाटली विसरू नका!