दाराची मूठ कुठल्या बाजूला होती?

बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेजारी इस्त्रीच्या शर्टात वडील. फोटोच्या मागे फक्त ‘आपली पहिली फियाट’. कोणती फियाट, असं विचारलं की घरात दोन तट पडतात.

अशा फोटोत मी आधी पुढच्या दाराची मूठ शोधतो. ती आरशाकडच्या टोकाला असेल तर वाद मिटला. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं मधल्या खांबावर टांगलेली आणि पुढचं दार उलटं उघडणारं. ही पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल गाडी, जिला मुंबईने लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. साडी सावरत त्या दारातून उतरणं सोपं होतं, असं आमची आत्या सांगायची. चालत्या गाडीत दार नीट लागलेलं नसलं तर वाऱ्याने ते सताड उघडेल, ही धास्तीही तिचीच.

दारं सुलट असतील आणि मागे शेपटीसारखे छोटे पंख असतील, तर ती 1964 ची डिलाइट किंवा तिच्या पुढच्या पिढीतली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्यात घडवलेला हा साचा 1974 मध्ये ‘पद्मिनी’ झाला. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. गंमत इंजिनाची. इटलीत याच अंगलटीच्या 1100 डी गाडीला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे मात्र जुनं 1089 सीसीचंच चालू राहिलं. चढावर एसी बंद करायची सवय पुढच्या पिढीची. आमच्या पिढीने तर घाटात प्रवासीच उतरवले.

गिअर स्टिअरिंगला म्हणून पुढच्या सलग सीटवर तिघे बसायचे. गिअर खाली फरशीवर दिसला की गाडी नव्वदीतली शेवटची एस-1, नाहीतर कुणीतरी हौसेने केलेला बदल.

इतर गाड्यांनाही अशा खुणा आहेत. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने हेराल्डला चार दारं दिली. मूळच्या इंग्लंडमध्ये ती चार दारांची कधी निघालीच नाही. अँबॅसिडरच्या जाळीवरून मार्क ओळखणारे तर प्रत्येक गावात एकदोन भेटतात. पण माझं मन फियाटपाशीच अडकतं, कारण तिच्यावर गॅरेजवाल्यांचे हात फार फिरले. डावीकडे बाहेरच्या अंगाला बुजवलेली भोकं दिसली तर तिथे कधीकाळी टॅक्सीचं मीटर होतं, हे समजावं. टपावरचे डाग कॅरिअरचे. काळ्यापिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी 2003 सालची, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तीही रस्त्यावरून गेली. आता असे डाग फोटोतच पाहायचे.

आमच्या गाडीच्या पुढच्या तिकोनी काचेला पितळेची एक नाजूक कडी होती. ‘इटालियन माल आहे,’ असं मी शाळेत सांगत फिरलो. परवा फोटो मोठा करून एका म्हाताऱ्या मेकॅनिकला दाखवला. त्याने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, “साहेब, ही कपाटाची नाहीतर खिडकीची कडी आहे. कंपनीची असली की तुटायचीच.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मग? स्वयंपाकघराच्या खिडकीला आपण इतकी वर्षं सुतळी का बांधत होतो, तुला काय वाटलं?”