कपाटामागची बुरशी दर पावसाळ्यात का परतते?

कोकणपट्टीत जुलैमध्ये बाहेरची आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. बुरशीला पाणी साचावं लागत नाही. भिंतीलगतची हवा ७५-८० टक्के दमट राहिली तरी तिला पुरतं. म्हणून पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे ती हमखास उगवते. तिथे वारा फिरतच नाही. मंडळी, कपाट आजच चार बोटं पुढे ओढा!

वरून नुसता रंग मारू नका. ओल आत तशीच असेल तर पोपडे धरतात आणि डाग पुन्हा वर येतो. आधी गच्चीची गळती, भिंतीच्या भेगा, बाथरूमचे पाइप बघा. डाग कोरड्या फडक्याने झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि पंखा लावून जागा पूर्ण वाळवा.

मुसळधार पावसात खिडक्या उघडून घर वाळत नाही, उलट बाहेरचा दमटपणा आत येतो. उघडीप मिळाली की मात्र सगळं सताड उघडा. कपडे घरातच वाळवायचे तर एकाच खोलीत, दार लावून, एसी ‘ड्राय’ मोडवर. घरात कुणाला दमा असेल तर छोटा आर्द्रतामापक घ्याच. आकडा ६० च्या खाली हवा.