पिरॅमिड वापरण्याआधी: गरजा आणि मूल्यांची तीन मॉडेल्स

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रश्नावलीत मास्लोचा पिरॅमिड जसाच्या तसा घातला. उत्पन्न कमी असेल तर अन्न, निवारा, सुरक्षितता, एवढंच विचारायचं. पायलटच्या वेळी एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरीच्या क्लासचं काहीच नाही विचारलंत?" घराचे गळके पत्रे बदलायला ठेवलेले पैसे त्यांनी फीमध्ये भरले होते. माझ्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकानाच नव्हता! सगळी प्रश्नावली पुन्हा करावी लागली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे थोडक्यात.

१. मास्लो: गरजांची उतरंड

शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, सन्मान आणि आत्मवास्तविकीकरण, या पाच पायऱ्या तुम्हाला पाठ असतील. पण १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्र नाही. शिवाय खालची गरज पूर्ण भागल्यावरच वरची जागी होते, असं मास्लो म्हणतच नाही. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, प्रेमाच्या ५० टक्के भागलेल्या असतात, असं उदाहरण तो देतो. हे आकडे कल्पनेने घेतलेले आहेत, ते निष्कर्ष म्हणून थिसिसमध्ये टाकू नका.

२. मॅक्स-नीफ: गरज वेगळी, साधन वेगळं

चिलीचे अर्थतज्ज्ञ मॅनफ्रेड मॅक्स-नीफ नऊ गरजा मानतात: निर्वाह, संरक्षण, जिव्हाळा, समज, सहभाग, फुरसत, सर्जन, ओळख आणि स्वातंत्र्य. जिवंत राहण्याची गरज सोडली तर यांत वर-खाली काही नाही. गरजा सगळीकडे त्याच असतात, त्या भागवण्याची साधनं बदलतात. म्हणजे क्लास ही गरज नाही, ते साधन आहे. कोणत्या गरजेचं? ते विचारल्याशिवाय कळत नाही. मी पुन्हा गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हिशेबासाठी तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये." यात समज आहे, संरक्षण आहे आणि स्वातंत्र्यही आहे.

३. श्वार्त्झ: मूल्यांचं वर्तुळ

मूल्य म्हणजे आयुष्यात काय महत्त्वाचं याबद्दलची आपली धारणा. शालोम श्वार्त्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यं वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना पूरक असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. उदाहरणार्थ, परंपरा आणि सुरक्षितता एका बाजूला, तर नावीन्य आणि स्वयंनिर्णय त्यांच्या समोर.

इथे एक खाचखळगा आहे. काही जण प्रत्येक विधानाला 'फार महत्त्वाचं' अशीच खूण करतात. म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याचीच सरासरी वजा करतात. मग कोणतं मूल्य त्याला इतरांपेक्षा जवळचं, ते दिसतं.

आता तुमची प्रश्नावली काढा. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहा: गरज, साधन की मूल्य? जिथे पेन्सिल अडेल, तो प्रश्न फील्डवर जाण्याआधी बदला.