उसाच्या फडातला किडनीचा प्रश्न मेडिकल जर्नलपर्यंत पोचतो कसा?

'संशोधनात सिद्ध झालंय' असं लिहिलेली एखादी पोस्ट तुम्ही या आठवड्यात फॉरवर्ड केलीच असेल. पण हे संशोधन छापून येतं कुठं? आणि छापायचं की नाही हे ठरवतं कोण?

हे समजून घ्यायला आपण अहिल्यानगर जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले नियम आणि अडचणी खऱ्या.

जिल्हा उसाचा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया इथंच, प्रवरानगरला, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी घातला. त्याच प्रवरेच्या काठी लोणीत १९८४ पासून रुरल मेडिकल कॉलेज आहे. आणि याच जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यातून दरवर्षी नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात.

आता समजा, जिल्ह्यातल्या एखाद्या हॉस्पिटलात एमडी करणारी एक डॉक्टर आहे. तिच्या लक्षात येतं की डायलिसिसला येणाऱ्यांमध्ये पस्तीस-चाळिशीचे काही ऊसतोड कामगार आहेत आणि त्यांना ना डायबेटिस आहे, ना आधीपासूनचं ब्लड प्रेशर. मग किडनी गेली कशानं?

हा प्रश्न हवेतला नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात डॉ. रामोन गार्सिया-त्राबानिनो आणि सहकाऱ्यांनी राजधानीतल्या सरकारी हॉस्पिटलातल्या २०५ नव्या रुग्णांची माहिती गोळा केली. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये किडनी निकामी होण्याचं ठरलेलं कारण सापडेना. त्यात बहुतेक पुरुष होते, शेतात राबणारे, किनारपट्टीकडचे. हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. पुढं तिथल्या उसाच्या मळ्यांमध्ये पाणी, विश्रांती आणि सावली दिल्यावर किडनीवरचा ताण कमी होतो का, याचेही अभ्यास झाले. आपल्याकडं आंध्रातल्या श्रीकाकुळम जिल्ह्यातला उद्दानम भाग अशाच कारण न कळलेल्या किडनीच्या आजारासाठी ओळखला जातो.

म्हणजे सुरुवात कुठून झाली? वॉर्डातल्या एका निरीक्षणापासून. पण ते लिहून पाठवलं म्हणून.

पेपर लिहायच्या आधीच पेपर अडकतो

आपली डॉक्टर काय करेल? लॅपटॉप उघडून लिहायला बसली, तर चुकली. आधी एथिक्स कमिटीची परवानगी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. जुन्या केसपेपरमधली माहिती वापरायची असली तरी कमिटीकडं जावंच लागतं. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटी देणार, आपण आपली घ्यायची नाही. आणि मागच्या तारखेची परवानगी नावाची गोष्टच नसते. डेटा गोळा करून मग कमिटीकडं गेलेले पेपर इथंच मरतात. कामगारांच्या दोन गटांवर पाणी-सावलीचा प्रयोग करायचा असेल, तर पहिला माणूस सहभागी व्हायच्या आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणीही हवी.

दुसरा अडथळा खास आपल्याकडचा आहे, आणि मला या सगळ्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

'क्रॉनिक' किडनीचा आजार म्हणायचा, तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. एकदा क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं म्हणजे क्रॉनिक नव्हे. भर उन्हात दिवसभर मोळ्या वाहिलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाचं क्रिएटिनिन संध्याकाळी वाढलेलं दिसू शकतं आणि चार दिवसांनी खालीही येऊ शकतं. म्हणजे तीन महिन्यांनी त्याच माणसाचं रक्त पुन्हा घ्यायला हवं. जानेवारीत फडात भेटलेला कामगार एप्रिलमध्ये असतो कुठं? पट्टा पडला की टोळी उठते. कोपी मोडली, पत्ता संपला. मोबाईल नंबर दिलेला असतो, पण तो मुकादमाचा निघतो.

जर्नलचा रिव्ह्यूअर शिकागोत बसला असेल किंवा चंदीगडमध्ये, तो हेच विचारणार: १०० जणांची पहिली तपासणी केली, दुसऱ्या तपासणीला किती सापडले? उरलेल्यांचं काय? अंगदुखीसाठी कोण रोज पेनकिलर घेत होतं, हे विचारलं का? कारण त्या गोळ्यांनीही किडनीला इजा होते. रक्त सकाळी कामाच्या आधी घेतलं की नंतर? यांची उत्तरं लिहिताना तयार होत नाहीत, ती फडात उभं राहून आधीच ठरवावी लागतात.

आता लिहायचं

ढाचा ठरलेला आहे. प्रश्न काय होता, काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. ऊसतोडीसारख्या निरीक्षणाच्या अभ्यासासाठी 'स्ट्रोब' नावाची चेकलिस्ट असते, एकाच रुग्णाची केस असेल तर 'केअर'. कंटाळवाणं वाटतं, पण अनेक जर्नल्स ती भरून मागतात.

किडनीच्या जर्नलचे स्वतःचे हट्टही असतात. किडनी किती काम करते हे कोणत्या सूत्रानं काढलं, ते लिहावं लागतं. शब्दांबाबत तर २०२० मध्ये 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं सुचवलं की 'रीनल' ऐवजी 'किडनी' म्हणा, रुग्णालाही कळतं. (डॉक्टर लोक सोपं लिहायला लागले, हे वाचून मला पत्रकार म्हणून जरा लाजच वाटली.)

रुग्णाची ओळख लपवणं म्हणजे फक्त नाव खोडणं नव्हे. '३८ वर्षांचा कामगार, अमुक गाव, तमुक कारखाना' एवढं लिहिलं तर तालुक्यात कुणालाही कळेल. आणि मुकादमाला कळलं तर पुढच्या सिझनला त्या जोडीला उचल मिळेल का, हा विचार डॉक्टरनंच करायचाय.

बारीक गंमत म्हणजे जिल्ह्याचं नाव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुना डेटा आणि परवानगीपत्र एका नावानं, कॉलेजचा पत्ता दुसऱ्या नावानं. एका ओळीत खुलासा केला की परदेशातल्या संपादकाला हे दोन जिल्हे वाटत नाहीत.

मग लेखकांची यादी. आंतरराष्ट्रीय संपादकांच्या समितीचा नियम सांगतो की ज्यानं कामात खरा वाटा उचलला, मजकूर लिहिला किंवा तपासला, अंतिम मसुद्याला होकार दिला आणि जबाबदारी घेतली, तोच लेखक. चारही गोष्टी हव्यात. साहेबांचं नाव रिवाज म्हणून टाकणं यात बसत नाही. एआय लेखक होऊ शकत नाही. वापरलं असेल तर तसं सांगायचं.

पाठवायचं कुठं?

इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीचं 'इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी' आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर 'किडनी इंटरनॅशनल', आणि त्याचंच भावंड 'किडनी इंटरनॅशनल रिपोर्ट्स', जे सगळ्यांना फुकट वाचता येतं, पण लेखकाकडून शुल्क घेतं. एका वेळी एकाच जर्नलकडं पाठवायचं, हा नियम मोडला तर बदनामी पक्की.

आणि 'आदरणीय डॉक्टर, तीन दिवसांत पेपर छापून देतो' असा मेल आला, तर तो डिलीट करायचा. बढतीसाठी पेपर लागतात, त्यामुळं हा धंदा जोरात चालतो. खरं जर्नल तीन दिवसांत 'नाही' म्हणतं. 'हो' म्हणायला महिने घेतं.

चांगलं उत्तर आलं तरी ते बहुतेकदा 'हो' नसतंच. 'मोठ्या दुरुस्त्या करा' असं असतं. मग प्रत्येक शेऱ्याला एकेक करून उत्तर द्यायचं. जिथं रिव्ह्यूअर चुकला असेल तिथं नम्रपणे, पुराव्यासह तसंही सांगायचं.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ते काम जगाला कळलं त्यात १९७५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचाही वाटा होता. म्हणजे या जिल्ह्यानं लिहून पाठवण्याचा हा प्रकार आधी केलेला आहे.

आपल्या डॉक्टरला दुरुस्त्यांसाठी मुदत मिळाली आहे, आणि रिव्ह्यूअरला हवीय दुसरी तपासणी. माणसं पावसाळ्यात गावीच असतात. तिनं मुकादमाचा नंबर सोडून गावातल्या आशाताईंना फोन लावलाय. दिवाळीच्या आसपास गाड्या पुन्हा भरायला लागायच्या आत पाथर्डीच्या दोन चकरा तरी मारायच्या आहेत.