विहारातील योग-ध्यान वर्गाची वेळ ठरवताना

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे ४ ला घंटा होते. तासाभराच्या तीन सामूहिक बैठका असतात: सकाळी ८, दुपारी २.३० आणि सायंकाळी ६ वाजता. पण तिथे साधकाला ना स्वयंपाक, ना पाणी भरणे, ना कामाची पाळी. तेच वेळापत्रक वस्तीतल्या विहारात लावले, तर पहाटेच्या वर्गातून आपल्या महिलाच आधी बाहेर पडतात. मग 'त्या येत नाहीत' म्हणायला आपण मोकळे!

तरुणांनो, आधी घरोघरी विचारा: नळाला पाणी कधी येते, पाळी कधी सुटते? पोटभर जेवणानंतर आसनांपूर्वी तीनेक तास जायला हवेत, म्हणून आसने सायंकाळी जेवणाआधी, त्यांना जोडूनच ध्यान. दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी तोच वर्ग रविवारी सकाळी पुन्हा घ्यावा.